धुराची पाळी

थंडी वाढली की रावेरकडच्या केळीवाल्यांची झोप उडते. पारा फार खाली गेला तर नव्या पानाचा पोंगा आतल्या आत करपतो. म्हणून पहाटे बांधावर पाला पेटवायचा आणि बागेत धूर सोडायचा. ललित बहिणीकडे धुळ्याला गेला होता, त्यामुळे त्या दिवशी ही पाळी त्याच्या वडिलांवर, तोतारामनानांवर आली.

नानांना स्वतःचाच भरवसा नव्हता. शेतात त्यांनी हात लावला की काहीतरी बिघडायचंच. "नानाची केयी पुस्तकं ऐकून निसवते, घड टाकते," असं गाव म्हणायचं. नाना मान खाली घालून हसायचे. खोटं काय आहे त्यात, असं त्यांना वाटायचं.

घरातून निघताना बायकोने, बेबाबाईंनी बजावलं होतं, "पोरानं जीव ओतलाय त्या बागेत. धूर तुटू देऊ नका. डोये चुरचुरले, पाणी आलं, की समजा धूर बरोबर हाये."

नानांनी वाळका पाला रचला, पेटवला, वर ओला कचरा टाकला. धूर केळीत शिरला. झुंजूमुंजू झालं तेव्हा त्यांनी स्वेटरच्या आतून वाचनालयाची कादंबरी काढली. दोनच पानं, असं मनाशी ठरवलं.

कादंबरीत एक नावाडीण होती. नदीवर पूल झाला आणि नावेत कुणी बसेनासं झालं. तरी ती रोज सकाळी नाव झाडायची. लेखकाने तिच्या दुःखाचा एक शब्द लिहिला नव्हता. तिने केर कुठे टाकला, फळीत अडकलेली बोराची आठोळी कशी नखाने काढली, एवढंच लिहिलं होतं. नानांनी ते पान परत वाचलं. काय हा माणूस! किती थोडक्यात, किती न बोलता! एका आठोळीत सगळी नदी आणून ठेवली.

मध्येच त्यांनी मान वर केली. चहूकडे पांढरंच पांढरं, हाताजवळची केळीसुद्धा दिसेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धूर छान धरलाय, असं वाटून नाना समाधानाने पुढच्या पानाकडे वळले.

"अहो! झोपले का काय?"

बेबाबाई चहाची किटली घेऊन समोर उभ्या होत्या. त्यांनी राखेत हात घातला. राख गार होती.

"अवं, धूर तर आहे की सगळीकडे," नाना चाचरत म्हणाले.

"धूर? ही धुई हाये, धुकं! नाक गेलं का तुमचं?"

"डोळ्यांना पाणी आलं ना... मला वाटलं..."

बेबाबाईंनी एकदा त्यांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा पुस्तकाकडे. मग त्या बागेत शिरल्या. नाना गार राख काडीने उकरत राहिले. पोराची वर्षाची मेहनत आपण घालवली. आता ललितला तोंड कसं दाखवायचं?

धुक्यातून आवाज आला, "पोंगा मऊ हाये. बठ्ठी बाग पाह्यली, पार शेवटच्या झाडापर्यंत. धुई पडली, म्हणून थंडी मोडली. नशीब तुमचं!"

बेबाबाई परत आल्या, पाला ओढून जाळ केला आणि पाय पसरून बसल्या.

"त्या पुस्तकापायी बाग घालवली असती तुमी. असं हाये तरी काय त्यात? वाचा."

"मोठ्याने? माझा आवाज... त्या लेखकाची माती होईल."

"होऊ द्या. जाळ मी पाह्यते."

नाना वाचू लागले. आधी अडखळत, मग नाव झाडायच्या ठिकाणी आवाज आपोआप संथ झाला. बेबाबाईंचा पाला टाकायचा हात हवेतच थांबला होता. जाळ बसत चाललेला पाहून नानांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि जाळावर कचरा टाकायला उठले.

"बसा खाली," त्या पदराने नाक पुसत म्हणाल्या. "तुमच्यानं ते होत नाही. मंग, त्या बाईनं नाव इकली का?"