आधीचं की आत्ताचं?

आमच्या घरात निर्णयांचं खातं आत्याकडे आहे. पडदे कुठले लावायचे, पाहुण्यांशी किती बोलायचं, सगळं तीच ठरवते. त्यामुळे दोन नामांकित विद्यापीठांनी एकाच आठवड्यात मला प्रवेश दिला, तेव्हा मला विचारायच्या आधीच तिने निकाल देऊन टाकला. "जवळचंच. बसने दीड तास, शनिवारी घरी. हिला दुकानदाराला 'हे नको, ते दाखवा' म्हणता येत नाही, ही समुद्रापलीकडे जाऊन काय बोलणार?"

खोटं नव्हतं ते. तोंडाने मी मुकीच. मनात मात्र माझी बडबड अखंड चालू असते, आणि तिथे मी आत्याला पुष्कळदा गप्प बसवलेलं आहे.

जवळचं विद्यापीठ मी पाहून आले होते. देखणं होतं. एक हसरी मुलगी आम्हाला फिरवत होती आणि दर चार पावलांवर विचारत होती, "तुला कशात रस आहे?" ते मला माहीत असतं तर आणखी काय हवं होतं! लांबचं मी फक्त लॅपटॉपवर पाहिलं. तिथे पहिलं वर्षभर विषय निवडायची सक्ती नव्हती. आणि त्यांच्या व्हिडिओत, अगदी ओझरती, एक मोठी खिडकी दिसली. खिडकीच्या रुंद कट्ट्यावर पाय वर घेऊन एक मुलगी वाचत बसली होती. शेजारून माणसं जात होती, पण "अशी एकटी का गं?" म्हणून कुणी तिला हटकत नव्हतं. ती जागा मला हवी होती. इतकी, की जेवताना घास हातातच राहायचा.

पण बाबा काही बोलत नव्हते. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, आणि जिन्याखाली बाबांचं चष्म्याचं दुकान. महिनाभर मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. 'जा' म्हणाले असते तर गेले असते, 'राहा' म्हणाले असते तर राहिले असते. ते म्हणायचे, "दोन्ही चांगलीच आहेत," आणि काचा पुसायला लागायचे. यांना माझं काहीच पडलेलं नाही, असं मला वाटायचं.

कळवायचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी बाबांनी खालून हाक मारली. "ये गं, नंबर काढू. कुठेही गेलीस तरी चष्मा नवा लागेलच."

मी खुर्चीत बसले. त्यांनी ती जड, गोल फ्रेम माझ्या नाकावर चढवली, तिच्यात एक काच सरकवली, काढली, पुन्हा सरकवली.

"आधीचं स्पष्ट, की आत्ताचं?"

"आत्ताचं."

"नीट बघ. आधीचं, की आत्ताचं?"

"आत्ताचंच."

"एकच काच होती," बाबा म्हणाले. "तीच काढली, तीच घातली."

माझे कान तापले. गिऱ्हाईक खरं सांगतंय की नुसतं मन राखतंय, हे ओळखायची ही त्यांची जुनी युक्ती. माझ्यावर कधी वापरली नव्हती.

"मी 'आत्ताचं' जरा चढ्या आवाजात म्हटलं, की तू निघालीस तिकडे. तुला पहिला चष्मा लागला तेव्हाही हेच. नंबर कमी निघावा असं मला फार वाटत होतं. ते माझ्या आवाजात आलं, आणि तू माझ्या मनासारखी उत्तरं देत गेलीस. वर्षभर तुला फळा दिसत नव्हता, पण तोंडातून ब्र काढला नाहीस."

"तो चष्मा छान होता," मी पुटपुटले.

"डोंबल छान! म्हणून महिनाभर तोंड शिवून बसलोय मी. माझा नंबर तुझ्या डोळ्यांवर नको." मग पाठ वळवून ते काचांचा खण लावायला लागले. खण आधीच नीट लावलेला होता. "आता माझं तोंडही दिसत नाही तुला. सांग, कुठे जायचंय?"

मला ती खिडकी आठवली.

"लांबच्यात!" मी म्हटलं. इतक्या मोठ्याने, की वरून आत्याने विचारलं, "कोण ओरडलं?"

तिथेच बसून मी फोनवरून होकार कळवला.

"गेला?" बाबांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"गेला."

"आता बदलता नाही ना येत?"

"नाही."

तेव्हा कुठे ते वळले. स्वतःचा चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होते. काचेवर चरे पडतात म्हणून गिऱ्हाइकांना ते असं कधी करू देत नाहीत.

"मग आता सांगायला हरकत नाही," ते म्हणाले. "मला जवळचं हवं होतं. फार हवं होतं."

महिनाभर मी याच एका वाक्यासाठी झुरत होते. सकाळी ऐकलं असतं तर मी राहिले असते, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.