दोन डिशमधला उजेड

हॉस्पिटलमधून निघाल्यावर ताईला आपल्या प्रयोगशाळेत न्यायचं धाकटीच्या मनातही नव्हतं. पण ताईनं एकदा हट्ट धरला की तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नाही. "इतकी वर्षं कॅल्शियम कॅल्शियम करून डोकं खातेस, एकदा दाखव तरी!"

धाकटीनं मायक्रोस्कोपला जोडलेला पडदा सुरू केला. दोन डिशमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी होत्या. त्यांच्यात असा रंग भरलेला, की आतलं कॅल्शियम वाढलं की त्या चमकाव्यात. डावीकडच्या पेशी एका जागी ठाण मांडून बसणाऱ्या. उजवीकडच्याही त्याच, पण आता जागा सोडून भटकायला निघालेल्या. तिनं दोन्हींत एकाच रसायनाचा थेंब टाकला. डावीकडे एकदम भडका उडाला आणि लगेच ओसरला. उजवीकडे नुसता मंद उजेड आला, पण तो काही जाईना.

"डावीकडे मी," ताई म्हणाली, "आणि उजवीकडे माझ्या सासूबाई. आवाज नाही, पण आपलं धुमसणं चालूच."

धाकटीला हसू आवरेना.

"आणि माझ्या गाठीतल्या कुठल्या?" ताईनं त्याच आवाजात विचारलं.

गाठीतला कर्करोग हाडांपर्यंत पोचल्याचं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, दोघींच्या समोर. धाकटीनं पडदा बंद करायला हात पुढे केला.

ताईनं तो धरला.

"घाई काय आहे? अजून विझल्या कुठे?"