मुकुट पोचवणारा भाऊ

माघातल्या दुपारचं कोवळेपण सरलेलं ऊन वर्गाच्या खिडकीतून आप्पांच्या बाहीवरल्या खडूच्या भुकटीवर येऊन विसावायचं, आणि त्यांच्या खर्जातल्या आवाजामागून दूरची जर्मन अरण्यं हळूहळू गोदेच्या काठाशी येऊन उभी राहायची. नाशिकच्या एका महाविद्यालयात माझे वडील मध्ययुगीन युरोप शिकवत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मीही त्यांच्याच वर्गात बसत असे. सॅक्सनीच्या लिउडोल्फ घराण्यावर त्यांचा विशेष जीव. सीमेवरच्या रानात वाढलेलं, दरबारानं रांगडं म्हणून हिणवलेलं ते सरदारकुळ राजपदाला कसं पोचलं हे सांगताना त्यांच्या शिणलेल्या खांद्यांत क्षणभर ताठपणा उगवे. गोष्ट अशी की मरणाऱ्या जर्मन राजानं सख्ख्या भावाला डावललं, आपल्या वैऱ्याला, याच कुळातल्या सॅक्सनीच्या हेन्रीला, वारस नेमलं आणि मुकुट त्याच्याकडे पोचवायचं काम त्या भावावरच सोपवलं.

त्याच हिवाळ्यात विभागप्रमुख अंथरुणाला खिळले. त्यांचं सारं काम वर्षानुवर्षं आप्पाच निभावत होते. बुद्धविहारात भेटणाऱ्या शेजारणींनी आईकडे आगाऊ पेढेसुद्धा मागितले होते. प्रमुखांनी मात्र नाव सुचवलं ते मालेगावच्या एका प्राध्यापकाचं, ज्यांच्याशी त्यांचं आयुष्यभर पटलं नव्हतं. ‘खुर्चीला वजन लागतं,’ एवढंच ते आप्पांना म्हणाले. ते गृहस्थ येईनात, तेव्हा त्यांचं मन वळवायलाही आप्पांनाच धाडलं.

आप्पा गेले. सायंकाळी एसटीनं परतले तेव्हा महामार्गाची धूळ त्यांच्या भुवयांवर राखेसारखी बसली होती. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

“तुम्हीच कशाला गेलात? नाही म्हणता आलं नसतं?”

“आलं असतं. पण प्रमुखाविना विभाग बंद झाला असता. पोरं कुठं गेली असती?” ते सावकाश पाणी प्यायले. “यायला तयार झालेत ते.”

आई रिकामा तांब्या घेऊन आत गेली. मी विचारलं, “आप्पा, मुकुट देऊन आल्यावर त्या भावाचं काय झालं? वर्गात तुम्ही कधी सांगितलं नाही.”

“बरीच वर्षं निमूट राहिला. मग हेन्रीच्या मुलाविरुद्ध उठला आणि लढाईत पडला.” बुटाची नाडी सोडता सोडता त्यांचा हात थांबला. “परीक्षेला येत नाही ते.”

नवे प्रमुख आले. आप्पा त्यांच्या हाताखाली पुढची सगळी वर्षं तसेच शिकवत राहिले. कधी तक्रार केली नाही, की त्या खुर्चीकडे वळून पाहिलं नाही. फक्त आवाज दरवर्षी थोडा खाली जात गेला, शेवटच्या बाकांना ऐकू येईनासा झाला. निवृत्त झाले, आणि ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात गेले. मनातल्या मनात तरी ते त्या भावासारखे कधी उठले होते का, हे मला कळलं नाही. काळ माणसाला नेतो, आणि त्यानं आपला संताप जिथं जपून ठेवला होता, ती जागाही त्याच्यासोबत नेतो.