सतरंजीवरचे शास्त्रज्ञ

मी एक जुनी सतरंजी आहे. माझे लाल-निळे पट्टे अकोटच्या मागावर विणले गेले. तरुणपणी मी गावच्या लग्नांत मिरवले. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी माळ्यावर उंदरांच्या सोबतीला गेले.

मित्रांनो, तिथून मला त्या घरच्या मैनाबाईने खाली काढले. कृषी विद्यापीठात शिकलेली ज्योत्स्ना गावातल्या बायकांसाठी शेतीशाळा भरवू लागली होती. कडुलिंबाखाली बसायला काहीतरी हवे होते.

पहिल्याच दिवशी मैनाबाई आपल्या कपाशीच्या वावरातून बाटली घेऊन आली. आत काळ्या, काटेरी अळ्या वळवळत होत्या.

"पाय वं पोरी, पऱ्हाटीवरचे सारे दुश्मन धरून आणले!"

ज्योत्स्नाने कपाळाला हात लावला. "काकू, हे तं ठिपकेवाल्या लाल ढालकिड्याची पोरं! पऱ्हाटीचा रस पिणारा मावा खातेत ते."

"अवं, राखणदारच पकडले इनं!" शेजारची चतुराबाई म्हणाली, आणि हसून हसून बायकांनी मला पार चुरगळून टाकले.

ज्योत्स्नाने मावा पडलेले पान बाटलीत टाकले. थोड्या वेळाने पाहतात तर अळ्या माव्यावर ताव मारत होत्या. पण मैनाबाईचे दीर खुशालराव बाजूला काठी टेकून उभे होते.

"बाटलीतलं वावरात चालते काय? फवारा मारा, नाही तं पऱ्हाटी जाईन हातची!"

प्रश्न खरा होता. मैनाबाईचे वर्षाचे पीक पणाला लागणार होते. तिने बाटली उचलून अळ्या पुन्हा एकदा निरखल्या.

"अर्ध्या वावरात फवारतो, अर्ध्यात नाही," ती शेवटी म्हणाली. "पण पाहाले साऱ्यायनं याचं. भाऊजी, तुमी बी."

मग दर आठवड्याला सारे पाने उलटून पाहत आणि माझ्यावर येऊन वाद घालत. खुशालराव तर उभ्यानेच भांडत. वेचणीला पाहिले, तर न फवारलेली पऱ्हाटीही तशीच पांढरीशुभ्र फुटली होती! मैनाबाईने ओटीतला कापूस माझ्यावर ओतला. किती ऊबदार होता तो!

पुढे गावातले फवारे कमी झाले, तेव्हा विद्यापीठाचे साहेब पाहायला आले. "फवारणीची जुनी रीत कोणी बदलली?"

ज्योत्स्नाने मैनाबाईकडे बोट दाखवले, मैनाबाईने खुशालरावांकडे.

"मी काहून? मी तं नुसता भांडलो!"

"म्हणून तं आमी इतकं बारीक पाह्यलं, भाऊजी!"

खुशालराव लाजले. त्यांनी चपला काढल्या आणि ते माझ्यावर साऱ्यांच्या मधोमध बसले.

शास्त्रज्ञ म्हणजे खोलीत एकटा बसलेला माणूस, असे मला वाटायचे. मित्रांनो, शिकवणारी, चुकणारी, पीक पणाला लावणारी आणि न पटल्यावर भांडणारी माणसे मिळून विज्ञान पुढे नेतात. मला झटका, उन्हात घाला, उसवले तर टाका घाला. आणि कोणी न पटून दूर उभे असेल, तर थोडे सरका आणि त्याला जागा करून द्या.