गेनबाची खोली

मित्रांनो, जावाच्या प्रोग्रॅममध्ये माहिती सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींना बीन म्हणतात. मी त्यातलीच एक, आता जुनी झालेली. कुणी एका क्लिकपुरती जगते, कुणी सर्व्हर बंद पडेपर्यंत. मी सेशनची. कुणी वेबसाइटवर आत आलं की जन्मते, ते बाहेर पडलं की संपते; तोवर त्याच्या सगळ्या टॅबांना मी एकटीच.

भोरच्या इंद्रजितनं मला पानशेतच्या रत्नाच्या खोल्यांच्या बुकिंगसाठी घडवलं. प्रत्येक बुकिंगला वेगळी संवाद-बीन द्यावी, काम झालं की मिटावी, हे त्याला ठाऊक होतं. पण अंगात आळस. म्हणाला, "सेशनवर भागतंय की." भागलंही. वर माझं कौतुक झालं. ते मला कधी गोड लागलं नाही.

रत्नाची सासू बाळाबाई. तिचा किकवीचा थोरला भाऊ गेनबा वाटणीवरून अबोला धरून होता. यंदा यायला राजी झाला, पण ताठा तोच. बहिणीच्या घरात पाय ठेवणार नाही, पाव्हण्यांच्या खोलीत उतरेन म्हणाला. रत्नानं त्याच्यासाठी धरणाकडची खोली आणि शनिवार निवडला, नाव भरलं. तेवढ्यात पुण्याच्या आनंदचा फोन आला. तिनं दुसरा टॅब उघडून त्याचं नाव आणि मोबाईल भरला; माझ्यात गेनबाचं नाव पुसून ते बसलं. घरी विचारून तारीख सांगतो म्हणून त्यानं फोन ठेवला. रत्नानं पहिल्या टॅबवर येऊन 'पक्कं करा' दाबलं. पडद्यावर गेनबाच होता. माझ्या हातात मात्र खोली गेनबाची आणि नाव आनंदचं. होतं ते मी पुढं दिलं. विचारायला मला तोंड कुणी दिलं होतं?

शनिवारी बाळाबाई भावाला आणायला एसटी थांब्यावर गेली. इकडं आनंद शनिवारची खोली पक्की झाल्याचा आलेला मेसेज दाखवून किल्ली घेऊन गेला; यादीतही नाव त्याचंच. गेनबा आला तर दारात परक्याच्या चपला. बाकी खोल्या भरलेल्या.

"दादा, घरात चला. भाकरी थापलीय तुमच्यासाठनं," बाळाबाई म्हणाली.

"माझी खोलीबी दुसऱ्याला दिलीस व्हय? वाटणीत हेच केलंतं तू." पाणीही न घेता गेनबा आल्या एसटीनं माघारी गेला.

इंद्रजित म्हणाला, बीनचा घोळ झाला. बाळाबाईनं त्याला तिथंच गाठलं. "बीन कुठली रं? तुझा आळस म्हण की."

मग त्यानं संवाद-बीना आणल्या. पक्कं झालं की मिटतात, अर्धवट राहिल्या तर थोड्या वेळानं आपोआप जातात. मला उरलं आत कोण आलंय तेवढं ध्यानात ठेवणं. मित्रांनो, उद्या तुम्हीही प्रोग्रॅम लिहाल. ज्याचं त्याच्यापाशी ठेवा. भागतंय म्हणून एकीच्या ओटीत सगळ्यांचं टाकू नका.

आता दर आठवड्याला बाळाबाई रत्नाला गेनबाच्या नावानं बुकिंग उघडायला लावते आणि किकवीला फोन लावते. तो उचलत नाही. माझ्याशेजारची बीन त्याचं नाव धरून बसते, वेळ सरली की जाते. मग रत्ना ती खोली दुसऱ्या कुणाला देते.