कोपऱ्यातला अंगठा

मी हुशार माणूस आहे, असं माझं ठाम मत आहे. आजवर दुसऱ्या कुणी त्याला दुजोरा दिलेला नाही. वाल्मा, माझी बायको, असती तर तिनेही दिला नसता. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मॅलीच्या कोरड्या रानात पाऊस कमी आणि पावसावरून भांडणं फार. प्रत्येकाच्या कुंपणाला पाऊस मोजायची नळी ठोकलेली असते. सकाळी नऊला ती बघायची आणि शुक्रवारी पबमध्ये कुणाकडे किती मिलिमीटर पडला यावर घसा फोडून वाद घालायचा, हे आजोबांपासून चालत आलंय. माझा शेजारी मर्व्ह कुलमन. शेजारी म्हणजे काय, मध्ये गव्हाचं अख्खं रान आहे. तो एकदा भर पबमध्ये म्हणाला, "लॉइड, तुझ्या नळीत तुझं कुत्रं मुततं." तेव्हापासून मी रोज सकाळी जुन्या कॅमेऱ्याने नळीचा फोटो काढतो आणि कॉम्प्युटरवर चढवून ठेवतो. कोरड्या दिवशीही काढतो, कारण मर्व्हचा माझ्या शून्यावरही विश्वास नाही.

पाण्याची रेघ नीट दिसायची तर डोळा तिच्या पातळीत हवा. आमचा खांब वाळवीने खाऊन बुटका झालाय. त्यामुळे या वयात मी रोज सकाळी मातीत पालथा पडतो. एवढं करूनही प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात माझा अंगठा येतोच. वाल्मा असतानाही आमच्या सहलीच्या फोटोंत ती, समुद्र आणि माझा अंगठा असे तिघं असायचे.

कॉम्प्युटर मुलीने दिला. जनेल समुद्रापलीकडे होबार्टला असते. तिनेच तो लावून दिला, काहीबाही टिचक्या मारल्या आणि म्हणाली, "बाबा, आता तुझं काही हरवणार नाही." मी मान डोलावली. मला काही कळलं नाही की मी मान डोलावतो.

मग एके दिवशी त्या कॉम्प्युटरने स्वतःच स्वतःत काहीतरी भरून घेतलं आणि पडद्यावर एक मदतनीस उगवला.

"नमस्कार लॉइड! आज आपण काय करूया?"

मी टाइप केलं, "तू चालता हो."

"छान कल्पना! फिरायला जाण्यासाठी जवळची ठिकाणं दाखवू का?"

अहो, बोलायची सोय नाही! पण मी दुर्लक्ष केलं आणि तिथेच माझं चुकलं. त्या शुक्रवारी मी मोठ्या ऐटीत आठवड्याचे फोटो छापून पबमध्ये नेले. छापताना नीट बघितले नाहीत आणि चष्माही घरी. मर्व्हने एक फोटो उचलला, उजेडात धरला आणि त्याचा चेहरा उजळला.

"मंडळी, इकडे या! लॉइडकडे पूर आलाय!"

त्या मदतनिसाने माझे फोटो सुधारले होते. आभाळ निळंशार, गवत हिरवंगार, आणि नळी काठोकाठ भरलेली. नळीवरचे आकडे तर कुठल्या देशाचे होते देव जाणे. सगळा पब खिदळत होता.

"आणि तुझा अंगठा कुठाय रे?" मर्व्ह म्हणाला. "अंगठ्याशिवाय फोटो, म्हणजे तो तुझा नाहीच. चोरलास कुठून?"

"मर्व्ह, तू गाढव आहेस."

"असेन. पण कोरडं गाढव आहे."

मी ग्लास अर्धा टाकून उठलो. अर्धी बिअर टाकून मी आजवर फक्त दोनदा उठलोय, आणि पहिल्या वेळी पबला आग लागली होती. वाटेत ठरवून टाकलं की मर्व्हशी बोलणं बंद आणि त्या मदतनिसाची गच्छंती.

दुसऱ्या दिवशी कंबर कसून बसलो. मदतनीस बंद केला. त्याने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. "आम्हाला वाईट वाटतंय," तो म्हणाला. वाटू दे. फोटो सुधारणारा काढला, वाक्यं सुधारणारा काढला. मग क्लाउड सापडला. माझे सगळे फोटो हा बाबा परस्पर कुठेतरी पाठवत होता! आमच्या रानावर महिनोन्‌महिने एक ढग फिरकत नाही, आणि या ढगाला मात्र माझे फोटो हवेत? तोडला. खातंसुद्धा तोडलं. तरी मनाची खात्री होईना, म्हणून भिंतीवरचा इंटरनेटचा डबा वायरीसकट उपटला आणि कोंबड्यांच्या दाण्याच्या पिंपात पुरून वर झाकण लावलं. आता पाठव म्हटलं फोटो!

घरचा फोन त्याच डब्यातून चालतो, हे डबा बसवणाऱ्याने मला बजावून सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल. मी तेव्हा त्याला माझ्या नळीबद्दल सांगत होतो. आणि मोबाइल आमच्याकडे फक्त टेकाडावरच्या टाकीपाशी लागतो, म्हणून तो गाडीतच पडलेला असतो.

काय शांतता होती हो! रविवारी फोटो काढला, चढवला. ना कुणी सुधारला, ना कुणी छान म्हटलं. दिवसभर फोनसुद्धा वाजला नाही. मी स्वतःवर इतका खूश होतो की कुत्रीला बिस्किट दिलं.

सोमवारी नऊला नेहमीप्रमाणे नळीपाशी पालथा पडलो. कुत्री शेजारी पसरली. श्वास रोखून रेघ बघतोय, तेवढ्यात गाडीचा आवाज आला. रस्त्याने नव्हे, सरळ गव्हातून. मर्व्हची गाडी, मर्व्हच्याच गव्हातून! दार उघडल्याचं ऐकू आलं आणि मग कुणीतरी धावत आलं. मर्व्हचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, तो धावत नाही.

"लॉइड! अरे देवा, लॉइड!"

तो माझ्या अंगावरच कोसळला. मला उताणं केलं. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं.

मी म्हटलं, "बाजूला हो, नळीवर सावली पडतेय."

त्याने मला एक ठेवून दिली. चांगली सणसणीत. मग तिथेच मातीत बसून हमसाहमशी रडायला लागला आणि रडता रडता मला ज्या शिव्या घातल्या, त्या इथे सांगता यायच्या नाहीत.

"पोरगी काल सकाळपासून फोन करतेय तुला! फोन मेलेला! आत्ता मला फोन आला तिचा. तू पालथा पडलेला बघून माझी काय हालत झाली असेल, थेरड्या? चल गाडीत बस."

टेकाडावर टाकीपाशी मर्व्हचा मोबाइल लागला. पहिल्याच रिंगला जनेलने उचलला.

"बाबा?"

"हो ग. मी ठणठणीत आहे. या मर्व्हने उगाच..."

ती रडायलाच लागली. मला फोन कुठे धरावा कळेना.

"कालचा फोटो आला नाही," ती म्हणाली.

"कसला फोटो?"

"नळीचा! रोज येतो ना माझ्या फोनवर. मीच तसं लावून दिलं होतं. रोज सकाळी चहा घेताना बघते."

"अग, रिकामी नळी रोज काय बघतेस?"

"नळी कोण बघतंय, बाबा? कोपऱ्यातला अंगठा बघते. अंगठा दिसला की कळतं, बाबा उठलाय. मग मी कामाला जाते." तिने नाक ओढलं. "गेला आठवडाभर अंगठा नव्हता. वाटलं, तुझा हात बिघडलाय, कोणी दुसराच काढतोय आणि तू मला सांगत नाहीयेस. काल तर फोटोच नाही."

मर्व्ह टाकीकडे तोंड करून उभा होता, जणू त्याला टाकीत फार रस होता.

मग मला एक आठवलं. मागच्या हिवाळ्यात एकदा मी नळीऐवजी व्हरांड्यातल्या वाल्माच्या गमबुटांचा फोटो काढला होता. कशाला, ते मला विचारू नका. त्याच दिवशी जनेलचा फोन आला होता. मटण कसं भाजायचं, हे विचारायला. मला! ज्याला अंडं उकडता येत नाही, त्याला! तासभर आम्ही मटणावर बोललो होतो आणि मला वाटलं होतं की पोरीला माझं स्वयंपाकातलं ज्ञान उशिरा का होईना कळलं.

"ते मटण..." मी म्हटलं.

"मला येतं मटण भाजता, बाबा."

मला रडू आलं. आलं ते आलं, लपवणार कुणापासून? मर्व्हने तर आधीच रडून घेतलं होतं. मग मी जनेलला मदतनिसाची आणि पिंपाची सगळी हकीकत सांगितली.

"तो अंगठा पुसणारा आहे ना, त्याला घराबाहेरच ठेव," ती म्हणाली. "पण माझा फोटो पाठवणारा परत लाव. आजच्या आज."

कोंबड्यांच्या पिंपातून डबा मर्व्हने काढला. दाणे झटकले, वायरी खोचल्या, घरचा फोन जिवंत झाला, मग जनेल त्यावरून सांगत गेली आणि आम्ही दोघं शहाणे एकमेकांवर खेकसत टिचक्या मारत गेलो. मदतनिसाला परत यायचं होतं, त्याने तीनदा विचारलं. मर्व्हनेच त्याला नाही म्हटलं, माझ्यापेक्षा वाईट शब्दांत.

मंगळवारी नऊला मी मातीत पालथा पडलो आणि या खेपेला अंगठा सरळ मधोमध धरला. नळी दिसत नव्हती. मर्व्ह शुक्रवारी बोंब मारणार, मारू दे. फोटो चढवला आणि फोनशेजारी खुर्ची ओढून बसलो.

चहा गार व्हायच्या आत फोन वाजला.

"बाबा," जनेल म्हणाली, "नख वाढलंय. काप."