औषधाच्या दुकानातली सोयरीक

दुपारची वेळ होती आणि लाँड्रीत नेहमीसारखी वाफ कोंडली होती. घरची थोरली लेक इस्त्री फिरवत होती, पण तिच्या डोळ्यांपुढे सारखी अंधारी येत होती. कित्येक महिने पाळीचा पत्ता नव्हता. आता थेंबथेंब रक्त जात होतं ते थांबायचं नाव घेत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "याला पीसीओएस म्हणतात. गोळ्या चुकवू नकोस. पाळी अशी अडून राहिली की गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. हे अंगावर काढायचं दुखणं नव्हे."

पण सोयरीक जुळली आणि गोळ्या बंद झाल्या. नवऱ्यामुलाची आई म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण. तिथे चिठ्ठी दाखवली की बिंग फुटलंच! दुसरीकडे जावं तर सगळे दुकानदार तिच्याच ओळखीचे.

"लग्न होऊ दे, एक मूल झालं की सगळं सुरळीत होतं," आई म्हणाली. सगळ्या पेठेचे कपडे धुणारी ही बाई लेकीचे कपडे मात्र दार लावून धूत असे.

"मावशीलाही हेच सांगितलं होतंस ना?"

आईचा हात थबकला. तिची धाकटी बहीण असंच दुखणं झाकता झाकता गेली होती. "तिचं नाव काढू नकोस," ती पुटपुटली.

तेवढ्यात थोरलीचा तोल गेला. इस्त्री गिऱ्हाइकाच्या शर्टावर आडवी झाली, जळका वास सुटला. आईने धावत येऊन इस्त्री उचलली आणि म्हणाली, "अगं बाई, आता गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?"

जमिनीवर बसलेल्या थोरलीला त्या घटकेला दुखण्यापेक्षा आईची भीती वाटली. ती भिंतीला धरून उठली आणि थेट औषधाच्या दुकानात गेली.

"कुणाची गं चिठ्ठी?" होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं.

"माझीच. पाळीचा त्रास आहे. औषध घेतलं तर आटोक्यात राहतो. तुमच्यापासून लपवून ठेवलं होतं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी गोळ्या काढल्या आणि घाईघाईने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या. "हळू बोल की! चारचौघांत शोभतं का? लग्नाचं काय ते घरी येऊन बोलते."

"बोला. मोडायचं तर मोडा. पण तो कागद काढा, काकू. खोकल्याचं औषध तुम्ही असं गुंडाळून देता का?"

दुकानात बरीच गिऱ्हाइकं होती. एकजात सगळी खाली मान घालून उभी राहिली. त्यांत तुम्हीआम्हीही होतो.